पडू न देणारी माणसं

माझा थोरला मुलगा चार वर्षांचा झाला तरी हात सोडला की पडायचा. पाय वाकडे नव्हते की अशक्त नव्हते. खामगावच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी गुडघे ठोकून पाहिले, व्हरांड्यात चालवून पाहिलं आणि सांगितलं, हाडं चांगली आहेत, तोल सांभाळायला याला इतरांपेक्षा वेळ लागेल, रोज चालवा आणि पडला तर आपला आपण उठू द्या. औषध दिलं नाही. बाटली नाही, पुडी नाही, कसला दवाखाना, म्हणून माझे सासरे परतीच्या वाटेवर सबंध गाडीभर चिडले होते. गावात उतरल्यावर त्यांनी सगळ्यांना सांगितलं, डॉक्टरनं हात टेकले.

आमचं गाव पिंपळगाव राजाच्या अलीकडे. जमीन बऱ्यापैकी, सासऱ्यांना गावात मान, आणि हा पहिला नातू. तो पडला रे पडला की जवळ जे कुणी असेल ते धावायचं आणि त्याला कडेवर घ्यायचं. सासूबाई, दीर, भांडी घासणारी बाई, सालावर ठेवलेला सालदार गडी, कुणीही. त्याचे पाय जमिनीला टेकतच नव्हते म्हणा ना. यजमान खामगावला सरकी काढायच्या जिनात कारकून होते, अधूनमधून यायचे आणि वडिलांपुढे जांभईसुद्धा विचारून द्यायचे. तेव्हा पोराला चालवायचं काम माझ्याकडे आलं आणि त्याला उचलायचं काम उरलेल्या घराकडे.

सासऱ्यांशी सुनेनं थेट बोलायची आमच्याकडे रीत नव्हती. काही सांगायचं असलं तर पोराला पुढे करायचं. "बाळा, आबाले सांग, जेवाले चला म्हनून." आबा चार हातांवर बसलेले, त्यांनी सगळं ऐकलेलं. तरी पोरगं वळून "आबा, जेवाले चला" म्हणायचं तेव्हाच ते उठायचे. माझं जे काही म्हणणं असेल ते असं त्या एवढ्याशा तोंडातून जायचं.

त्या साली कापूस घरी आला आणि मधल्या खोलीत भिंतीला टेकून ढीग लागला. खाली बैठकीसारखा कापूस पसरलेला. सासऱ्यांना एकदम युक्ती सुचली. म्हणाले, "पोराले इथंच चालवा. पडला तरी लागनार नाही." घरातल्या सगळ्यांनी वाहवा केली. शेजारची माणसं बघायला आली. पोरगं एक पाऊल टाकायचं की नडगीपर्यंत आत, दुसरं टाकायच्या आत आडवं. ते हसायचं, सगळे हसायचे. अहो, कापसात धडधाकट गड्याचा पाय ठरत नाही, तिथे हे पोराला चालायला शिकवणार! पण कपाशीवाल्यांचं घर, त्यांना कापसाइतकं भलं दुसरं काही वाटतच नसे. गाड्या भरून कापूस खामगावला गेला, तोवर पोरगं सारवलेल्या जमिनीवर जी काही पावलं टाकायचं तीही विसरलं होतं. पाय खाली लावला की जमीन आत जाईल असंच त्याला वाटायचं.

मी त्याला पुढे केलं. "बाळा, आबाले सांग, मले सारवल्या जमिनीवर चालू द्या." त्यानं सांगितलं. आबा म्हणाले, "जमीन टनक हाय बाबू, लागते." झालं, निकाल लागला.

मग मी चोरून करू लागले. ज्वारीची मळणी आटोपली, दाणे घरी आले, पण शेतातलं खळं तसंच होतं. चोपून सारवलेलं, तळहातासारखं सपाट, मधे बैल फिरवायचा खांब, मेढ, उभी. गोवऱ्यांचं निमित्त करून मी दुपारी पोराला तिथे न्यायची. मेढीला दोर बांधून त्याचं टोक त्याच्या हातात द्यायची आणि बाजूला उभी राहायची. बैल फिरतात तसं त्याला तिच्याभोवती फिरवायची. दोर ताणलेला राहिला की तो सरळ राहायचा, सैल पडला की पडायचा. पडला की माझ्याकडे बघायचा. मला धावावंसं वाटायचं, पण मी हाताची घडी घालून उभी राहायची. थोडं रडून झालं की तो दोन्ही तळवे टेकायचा, ढुंगण वर करायचा आणि उठायचा. उठल्यावर पुन्हा बघायचा तेव्हा मी हसायची.

घरी सासूबाईंना गुडघे दिसायचेच. "माय हायेस का कोन हायेस व तू? काऊन पाडून राह्यली पोराले?" दुसऱ्या दुपारी मी पुन्हा गोवऱ्यांची पाटी उचलायची. उन्हाळा संपता संपता पोरानं दोर सोडला. हात पसरून, डुलत डुलत, पण मेढीभोवती सबंध फेरा घातला. मी खळ्यातच बसून रडले. तो म्हणाला, "माय, तू पडली का?"

त्याला वेड होतं पोळ्याचं. आमच्याकडे घरच्या मुलानं म्हाताऱ्या बैलाचा कासरा धरून घरापासून वेशीच्या तोरणापर्यंत चालायचं असतं. हे पोरगं एकदा चालून गावानं पाहिलं की मग त्याला कडेवर घ्यायची कुणाची छाती होणार नाही, असा माझा हिशेब होता. पाऊस लागल्यापासून मी त्याला गोठ्यात त्या बैलाशेजारी चालवलं. बैल समजूतदार होता, पोरगं थांबलं की थांबायचा. मी पोराकडून विचारवलं, "आबा, मी कासरा धरू?" आबा खूश झाले. "हाव बाबू, तुले नाही त कोनाले!"

पोळ्याला बैलांना झुली घातल्या, शिंगं रंगवली, डफडं वाजू लागलं. आम्ही बायका मारुतीच्या ओट्याजवळ डोक्यावरून पदर घेऊन उभ्या होतो. माझं पोरगं कासरा धरून येताना दिसलं. पायात नवी वहाण, एक हात बैलाच्या मानेवर. अर्धी वाट तो चालला. चिखल होता, तरी चालला. शेजारची बाई म्हणाली, "कावो माय, चालून राह्यलं ना तुहं पोरगं!" मला तेवढं पुरे होतं.

ओट्यापाशी येता येता त्याचा पाय घसरला आणि तो गुडघ्यावर आला. बैल थांबला. पोरानं तळवे टेकले. गर्दीत हशा पिकला, कुणी वाईट मनानं नव्हे, पण पिकला. सगळे दोन श्वास थांबले असते तर तो उठला असता, माझी पैज आहे. सासरे थांबले नाहीत. सगळ्या गावासमोर त्यांनी त्याला तसंच चिखलातून उचललं आणि सालदाराच्या खांद्यावर बसवलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. डफडं जोरात वाजलं. कासरा कुणीतरी दुसऱ्यानं धरला.

तोरण तुटून पोळा फुटल्यावर बैल दारात आले. मी ताट घेऊन ओवाळायला उभी. पोरगं अजून खांद्यावरच. आबा शेजारी. मी वर मान करून म्हटलं, "बाळा, आबाले सांग, मले खाली उतरवा."

त्यानं एकदा आबाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"नाही," तो म्हणाला. "मले वरून समदं गाव दिसते."

आबा इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी बैलाला ओवाळलं. त्या घरात माझं म्हणणं पोचवणारं ते एकच तोंड होतं, तेही त्यांचं झालं. पुढे मी खळ्यावर चल म्हटलं की तो हात वर करून सालदाराला हाक मारायचा.

आता तो लेकराबाळांचा बाप आहे. काठी आणि कुणाचा तरी खांदा असल्याशिवाय ओसरी उतरत नाही. आबा गेले तेव्हा तो दिवसभर रडला. मध्यंतरी त्याची धाकटी अंगणात पडली, त्यानं बसल्या जागेवरून आरडाओरडा करून बायकोला तिला उचलायला लावलं आणि मग तिला मांडीवर घेऊन सांगू लागला, "मह्या आबानं मले कधी पडू देलं नाही बापा. अन् माय? मी पडलो का हाताची घडी घालून उभी राहून पाहे. हासे सुद्धा."

मी तिथेच शेंगा सोलत बसले होते. ती पोर माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मी तिच्या बापाला विहिरीत ढकललं होतं. आणि त्याच्या बोलण्यात खोटं एक अक्षर नव्हतं.