तराफ्याचे शेवटचे दोन टायर

यंदाच्या माघात एका गुरुवारी सकाळी प्रकाशा येथे तापीच्या पात्रात माझ्या फुईच्या, म्हणजे आत्याच्या, अस्थी सोडण्यात आल्या. ठरलेली वेळ साडेनऊची होती. तराफा घाटावरून निघाला तेव्हा सव्वादहा वाजले होते. उशीर गुरुजींमुळे झाला नाही, पाहुण्यांमुळेही नाही. फुवा, म्हणजे तिचे यजमान, तराफ्याच्या डाव्या कोपऱ्याला दोन टायर बांधत होते, आणि ते बांधून झाल्याशिवाय कोणालाही वर चढू देत नव्हते.

धक्का या गोष्टीशी एवढं वैर धरलेला दुसरा माणूस नंदुरबार जिल्ह्यात नसेल. बातमीदारीच्या नोकरीत मी जिल्हाभर फिरलो आहे, तोरणमाळचा घाट रोज चढणारे-उतरणारे ड्रायव्हर मला माहीत आहेत, तेव्हा हे विधान जबाबदारीने करतो. फुवांचं शहादा रस्त्यावर पंक्चरचं दुकान होतं. गाव त्यांना टायरवाले आप्पा म्हणतं. दुकान बंद केल्यावर जुने टायर आणि ट्यूब त्यांनी घरी आणले आणि घरात जिथे जिथे कोपरा होता तिथे ट्यूबचा तुकडा चढला. ओट्याची कड, खाटेचे पाय, स्वयंपाकघराची ठेंगणी चौकट, पाटा-वरवंटा ठेवायचा कोनाडा, काही सुटलं नाही. गायीच्या शिंगांच्या टोकांवर त्यांनी रबरी चेंडू बसवले. ती गाय पुढे सहा महिने सगळ्या गल्लीच्या हसण्याचा विषय होती आणि तिला ते कळत असावं, कारण ती दुपारी बाहेर यायचीच नाही. दारांच्या कडांना फुवांनी रबराच्या पट्ट्या लावल्या. मग दार लागल्याचा आवाज येईना आणि कोण आलं कोण गेलं ते कळेना. फुईनं कंटाळून दाराला बकरीच्या गळ्यातली घंटी बांधली. दुसऱ्या दिवशी फुवांनी घंटीच्या लोलकाला कापूस गुंडाळला.

"आमना घरमा चोर उना ते त्याले बी लागनार नही," फुई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

माझ्या लग्नात फुवा मांडव उभा राहायच्या आधी हजर झाले. वधूपक्षाने खांबांना झेंडूच्या माळा गुंडाळल्या होत्या. फुवांनी माळांच्या खाली, बरोबर माणसाच्या कपाळाच्या उंचीवर, ट्रॅक्टरची ट्यूब आवळून बांधली. माझ्या सासऱ्यांनी हळूच विचारलं, हा तुमच्याकडचा काही कुळाचार आहे का. फुवा म्हणाले, "खांबले काय व्हस नही. डोकाले व्हस." त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, ते कुठेही यायचं: "लोखंडले लोखंड लागनं ते आवाज येस. मानूसले लागनं ते आवाज मझार ऱ्हास." मझार म्हणजे आत. हे वाक्य आम्ही भाचे-पुतणे त्यांच्या पाठीमागे नक्कल करून म्हणायचो.

नंतर मी तारखा जुळवून पाहिल्या. दुकान बंद झालं, गायीला चेंडू लागले, माझं लग्न झालं, हे सगळं एका घटनेच्या नंतरचं आहे. त्याआधी फुवांनी फक्त स्वतःच्या स्कूटरला पुढे एक टायर लावला होता.

घटना अशी. पाच वर्षांपूर्वी कार्तिकात फुई आणि फुवा हिलाल भोईच्या तराफ्यातून संगमावर दिवा सोडायला गेले होते. हिलालचा तराफा म्हणजे निळी प्लास्टिकची बारा पिंपं, त्यावर लोखंडी सांगाडा, त्यावर फळ्या आणि मागे लहान इंजिन. परत येताना घाट जवळ आला तेव्हा फुवा पुढे दोर धरून बसले होते. ते मागे वळून म्हणाले, "उठ वं, काठ उना," म्हणजे काठ आला. फुई हातात रिकामं ताट घेऊन उठली. तराफा पायरीवर आपटला. फुई फळ्यांवर पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. धुळ्याला ऑपरेशन झालं, सळई बसली, पण हाडं ठिसूळ निघाली आणि ती पुन्हा नीट चालली नाही. खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर, एवढंच. कुशीवर वळताना ती ओठ दाबायची. फुवा तेव्हा खोलीत नसतील तर तेवढंही करायची नाही, सरळ ओरडायची.

त्यांचं घर नदीपासून दोन गल्ल्यांवर. फुईला देवळाच्या घंटा ऐकू यायच्या, नदी दिसायची नाही. गेल्या दिवाळीत मी गेलो होतो. तिने फुवांना मला कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढायला लावलं, आणि फुवांकडे बघत मलाच म्हणाली, "लोके म्हंतस काशी आठे शे. माले खाटवरथून टायरेसना ढीग दिसस. येक डाव पानीवरथून देऊळ देखनं शे, बस."

प्रकाशाला दक्षिण काशी म्हणतात; तिथलं देऊळ एकदा पाण्यावरून बघायचं, एवढंच तिचं मागणं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फुवा सात टायर घेऊन हिलालच्या तराफ्यावर गेले.

यानंतरचे तीन महिने मी कामानिमित्त दर आठवड्याला प्रकाश्याला होतो, त्यामुळे जे पाहिलं ते सांगतो. फुवांनी परीक्षा ठरवली होती. फुईचा पितळी लोटा, कोरीटच्या माहेराने दिलेला, काठाच्या खाली तिचं नाव घातलेला. तो त्या नावापर्यंत भरायचा, तराफ्याच्या मधोमध ठेवायचा, आणि तराफा पायरीला लागला की फळीवर एक थेंब पडता कामा नये. साक्षीदार मी. "तू पेपरवाला शेस," फुवा म्हणाले, "तू खोटं सांगशी ते सापडशी."

पहिल्या दिवशी लोटा आडवा झाला. टायर तारेने बांधले होते, धक्क्यासरशी तार सरकली. फुवांनी तार काढून दोर लावला. मग कळलं की घाटाला सरळ भिंत नाही, पायऱ्या आहेत, आणि नदीवरच्या बॅरेजच्या दारांमुळे पाणी कधी वीतभर वर, कधी खाली. पाणी दोन पायऱ्यांच्या मधे असलं की टायर हवेत लटकायचा आणि खालचं पिंप बुडालेल्या पायरीच्या कडेवर आपटायचं. फुवांनी टायरची दुसरी ओळ खाली लावली. त्या टायरांत पाणी साठून तराफा एका बाजूला कलला, म्हणून प्रत्येक टायरला तळाशी भोक पाडलं. मग गुरुजींची तक्रार आली, की दहाव्याला येणाऱ्या यजमानांच्या पांढऱ्या धोतरांवर काळे पट्टे उमटतात. फुवांनी प्रत्येक टायरला गोणपाटाचा अंगरखा शिवला. मधे एकदा टायरऐवजी हवा भरलेल्या ट्यूब लावून पाहिल्या. त्यातली एक पायरीच्या कडेवर फुटली, तिचा आवाज समोरच्या काठावर गेला आणि तिथली एक म्हैस पाण्यात उतरली ती संध्याकाळपर्यंत वर आली नाही.

"आप्पा, हाऊ तराफा शे," हिलाल म्हणाला, "पाळना नही."

"मंग पाळना कर," फुवा म्हणाले.

फुईला पायऱ्यांवरून उतरवायचं कसं, याचीही तालीम झाली. हातांना ट्यूब गुंडाळलेल्या खुर्चीत मला बसवून चार शेजाऱ्यांनी घाटावरून खाली नेलं. माझं वजन फुईच्या दुप्पट आहे, हे सगळ्यांना अर्ध्या वाटेत आठवलं. घरी आल्यावर फुईनं सगळं विचारून घेतलं, कोण घसरलं, कोणाची चप्पल गेली. हसताना तिने कमरेवर हात दाबून धरला होता. मग नेहमीचा प्रश्न आला, "टायरे व्हयनात का?"

पौषाच्या शेवटच्या रविवारी लोटा उभा राहिला. तराफा काठाला टेकला, थोडा मागे आला, थांबला. फुवा गुडघ्यांवर बसून फळीकडे बघत राहिले. एक थेंब पडला होता. मी पाहिला. फळीवर रुपयाएवढा डाग होता.

"येकच थेंब ते शे, आप्पा," हिलाल म्हणाला. "मासानी शेपटी मारी ते येन्हापेक्षा जास्ती उडस. उद्या लई या काकूले."

"येक थेंब म्हंजे तिले येक कळ," फुवा म्हणाले. डावा कोपरा आधी लागतो, असं त्यांचं निदान होतं. तिथे आणखी दोन टायर हवे होते, लहान मापाचे, आणि ते शहाद्याहून आणावे लागणार होते. "येक आठवडा."

घरी त्यांनी हे सांगितलं तेव्हा मी तिथे होतो. फुई म्हणाली, "सांडना ते सांडू द्या ना. मी लोटा मांडीमा धरीसन बससू."

"आठवडाभरना ते प्रश्न शे."

"पाच वरीस तुम्ही माले काचनी बरनी करी ठेवं," फुई म्हणाली. "उठ म्हने तू, ते मी उठनू. त्यामा काय व्हयनं? काठ उनाच व्हता."

पाच वर्षांत तो विषय त्या घरात निघालेला मी पहिल्यांदा ऐकला. चारचौघांत ती नवऱ्याला तुम्ही म्हणायची, त्या वाक्यात ती तू म्हणाली. फुवा उठून ओट्यावर गेले. तिथे ते गोणपाट शिवत बसले.

टायर बुधवारी आले. बुधवारीच फुईला थंडीताप भरला. शुक्रवारी छातीत कफ आहे असं डॉक्टरांनी सांगितलं. फुवांनी टायर खाटेखाली सरकवले. सोमवारी दुपारी चारच्या सुमारास फुई घरीच वारली. फुवा तिच्या उशाशी होते. त्या वेळी मी नंदुरबारला होतो. फोन हिलालने केला.

गुरुवारी सकाळी आम्ही घाटावर पोहोचलो तेव्हा फुवा आधीच तराफ्यावर होते. मूलबाळ नसल्याने मडकं माझ्या हातात होतं. गुरुजींनी दोनदा घड्याळ पाहिलं. एक पाहुणा म्हणाला, आता कशाला ते टायर. फुवांनी गाठ मारली, ओढून पाहिली, सोडली, पुन्हा मारली. मग घरून आणलेला लोटा त्यांनी नदीत बुडवला, नावापर्यंत पाणी ठेवून बाकीचं ओतून दिलं आणि तो फळ्यांच्या मधोमध ठेवला. त्याच्या शेजारी त्यांनी मला मडकं घेऊन बसायला सांगितलं.

संगमावर हिलालने इंजिन बंद केलं. फुवांनी तराफा जरा फिरवायला सांगितला, देवळाच्या बाजूला तोंड येईल एवढा. मग मडकं माझ्या हातून घेतलं. विधी दहा मिनिटांत झाला.

परतताना घाट चार हातांवर आला तेव्हा हिलाल सवयीने म्हणाला, "आप्पा, उठा, काठ उना." म्हणाला आणि त्याने मान खाली घातली.

फुवा उठले नाहीत. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले. डावा कोपरा आधी लागला. टायर दबले, तराफा वीतभर मागे आला आणि थांबला. फुवांनी लोट्याभोवतीच्या फळीवरून तळहात फिरवला. मग मला म्हणाले, "पेपरवाला, तू देख."

मी पाहिलं. पाणी नावापर्यंत होतं. फळी कोरडी होती.