जपानच्या घरमालकिणीचा फोटो

परळीच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले आमचे शेजारी कायम गळ्यात कॅमेरा अडकवून असायचे आणि भेटेल त्याला म्हणायचे, "जरा उजेडाकडं तोंड करा." तरुणपणी ते प्रशिक्षणाला जपानला गेले होते. तिथल्या घरमालकिणीचा, तेव्हा स्वतः काढलेला फोटो तिला द्यायला ते यंदा पुन्हा गेले.

परतल्यावर मी विचारलं, "काका, भेटल्या का?"

"भेटली. लई थकलीय. मला वळखलं न्हाई, त्याचं काई न्हाई. फोटो दिला, तर मलाच विचारती, ही कोण बाई?"

"मग?"

"तुमीच की, म्हणलं. हसली अन् फोटो परत दिला."

पाडव्याला आई दरवर्षीसारखी अंगणात फोटोला बसली. काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला, बराच वेळ तिच्याकडं पाहिलं आणि बटण न दाबताच खाली घेतला.

"राहू द्या, वैनी," म्हणाले. "उपेग न्हाई."