पहिले पाच नंबर

प्रताप नगरातल्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात पुष्पलता साळवेंच्या हातून नंबर घेतल्याशिवाय कोणी आत जात नसे. अठरा वर्षं बाई त्याच काउंटरवर. चष्मा नाकाच्या टोकाला, आवाज खणखणीत, आणि समोर पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे, एक ते चाळीस, स्वतः कापून वर चिकटपट्टी मारलेले. डॉक्टरांची पदवी भिंतीवर टांगलेली होती, पण पेशंट आधी बाईंचा चेहरा वाचत.

त्यातले पहिले पाच तुकडे मात्र ड्रॉवरमध्ये राहत. कुलूप उघडायच्या आधी येऊन जो पायरीवर बसला असेल, त्यालाही सहा नंबरच मिळे. नवखा माणूस विचारी, "माझ्यापुढे कोणीच नाही, मग सहावा कसा?" बाई सांगत, "इथला नियम आहे." ते पाच कोणी मोठं आलं तर लागत. बँकेचे मॅनेजर, नगरसेवकाची आई, इतवारीतले सराफ रामाजीशेठ. डॉक्टरांनी हे पहिल्या वर्षी एकदाच सांगितलं होतं, पुढे सांगावंच लागलं नाही. पायातली चप्पल बघून माणूस पाचातला की नाही हे बाई ओळखत, आणि आपल्या या पारखीचा त्यांना अभिमान होता.

रविवारी चर्च सुटलं की बायकांची संगत भरे. मागच्या महिन्यात एका रविवारी पाठ घ्यायची पाळी पुष्पलताबाईंची होती, आणि वाट्याला आलं बायबलातलं याकोबाचं पत्र. पहिल्यावहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांना याकोबाने त्यात चांगलं खडसावलं आहे. सोन्याच्या अंगठीवाला सभेत आला की तुम्ही त्याला बरी जागा देता, आणि मळक्या कपड्यातल्याला म्हणता तू तिकडे उभा राहा. मग तुमचा विश्वास कसला? बाईंनी हे असं ठणकावून सांगितलं की पंख्याचा आवाजही ऐकू येईना. सांगताना त्यांची नजर शोभाताईंवर होती. शोभाताई दर रविवारी पुढच्या बाकावर रुमाल टाकून एका अधिकाऱ्याच्या बायकोची जागा धरून ठेवत, हे सगळ्या संगतीला ठाऊक होतं. शोभाताई खाली बघत राहिल्या. पुष्पलताबाई घरी गेल्या त्या तरंगतच. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच, पण कोरडा पाषाण कोण, हे कळायला सोमवार उजाडावा लागला.

सोमवारी नरखेड तालुक्यातून पहिल्या एसटीने रुखमाबाई आल्या. सत्तरीच्या, लुगडं गुडघ्याशी मातीने भरलेलं, पायांत टाके घातलेली चप्पल. पायरीवर त्याच पहिल्या होत्या. बाईंनी त्यांना सहा नंबर दिला, डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले आणि भिंतीकडच्या बाकावर डोळे मिटून बसायला सांगितलं. तेवढ्यात रामाजीशेठ आले, बायको आणि भाच्यासकट, तिघांचेही डोळे दाखवायला. त्यांच्यामागून मॅनेजर. ड्रॉवर चार वेळा उघडला, चार वेळा लागला.

"बाई," रुखमाबाई मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, "माह्या पुढून चार जनं गेले वं."

"अर्जंट होते ते, आजी."

"असतीन. डोये बंद हायेत माहे, कान नाही. दर खेपेले तुह्या टेबलाचा खण वाजते, अन् मंग कोनी तरी आत जाते."

बाईंना आधी राग आला. अठरा वर्षांत असं कोणी बोललं नव्हतं. मग मात्र शरम वाटली, साधी उघडी शरम. रुमाल काय आणि ड्रॉवर काय! शोभाताई निदान सगळ्यांदेखत जागा धरत होत्या.

मंगळवारी बाईंनी एक नंबरापासून वाटप सुरू केलं. अकरा वाजता रामाजीशेठ चष्म्याच्या नव्या नंबरासाठी परत आले. बाईंनी त्यांच्या हातावर सतरावा तुकडा ठेवला. शेठनी तो तीन अंगठ्यांच्या बोटांत धरून उलटासुलटा पाहिला, तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि निघून गेले. पाच मिनिटांत बाईंना आत बोलावणं आलं.

"काय चाललंय हे?" डॉक्टरांनी विचारलं. "ओळखी ठेवाव्या लागतात, बाई."

"ठेवा ना, सर. फक्त माझ्या हातून नंबर देऊन त्या ठेवू नका. मी रविवारी बायकांना एक शिकवून राहिली अन् सोमवारी इथे दुसरंच करून राहिली. नाही जमत आता."

"आठ दिवस बघतो. लोक तुटले तर मला काउंटरवर दुसरं कोणी बसवावं लागेल."

बाई बाहेर येऊन पुन्हा काउंटरवर बसल्या. वय चोपन्न, नवरा जाऊन नऊ वर्षं, लेक अस्मिता अजून शिकत होती. या वयात दुसरं काउंटर कोण देणार होतं? त्यांना भीती वाटली, आणि भीतभीतच त्यांनी पुढचा नंबर पुकारला.

शुक्रवारी शोभाताई लाल डोळे घेऊन आल्या. बाईंनी बाविसावा नंबर दिला आणि म्हणाल्या, "रविवारी मी तुमच्याकडे बघून वाचलं. माझ्याकडेच बघून वाचायले पाहिजे होतं."

"तुमच्या खणाचं मले मालूम होतं," शोभाताई म्हणाल्या. "माही वहिनी तुमच्या इथलीच पेशंट हाय." आणि बाकावर जाऊन बसल्या.

आठव्या दिवशी डॉक्टरांचा घरून फोन आला. त्यांच्या सासूबाई यमुताईंना तपासून घ्यायचं होतं. बाईंनी नंबरांचे तुकडे जवळ ओढले. पलीकडून डॉक्टर म्हणाले, "आत्ता आलं तर कितवा नंबर मिळेल?"

"चौदावा, सर."

"बरं. साडेबाराला पाठवतो." नोकरीबद्दल ते तेव्हा काही बोलले नाहीत आणि पुढेही कधी बोलले नाहीत.

त्याच दिवशी रुखमाबाई दाखवायला परत आल्या. एसटी वाटेत बंद पडली होती, त्यामुळे अकरावा नंबर निघाला. त्या काउंटरवर वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "आता तं आपली ओयख झाली ना वं. मले जराशी आंधी सोड. तीनची गाडी हाय."

बाईंचा हात सवयीने ड्रॉवरच्या कडीवर गेला. हिला नाही म्हणायचं तर मग हे सगळं केलं कोणासाठी? रामाजीशेठना नाही म्हणणं याच्यापुढे सोपं होतं. त्यांनी हात मागे घेतला.

"अकरावाच, आजी. तीनची गाडी भेटते तुम्हाले."

रुखमाबाईंनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग बाकावर जाऊन बसल्या, थेंब घालून घेतले आणि डोळे मिटले.

"देजो मंग नंबरानंच," त्या म्हणाल्या. "मी कानानं मोजून राहिली."