अर्धा रस्ता गायब

मी चंडीगडला मुलाकडे असते. त्या दिवशी त्रेचाळीस सेक्टरच्या बसस्टँडला ई-रिक्षानं निघाले होते. चालवणारी बाई चाळिशीची, चांगली दणकट. अर्ध्या वाटेत तिनं रिक्षा कडेला लावली, गोळी गिळली आणि ओढणी डोळ्यांवर गुंडाळली.

"अजी मैडम, मेरी बस छूट जाएगी!" माझ्या शेजारचे गृहस्थ ओरडले.

"भाईसाब, आँखों में लकीरें नाच रही हैं, आधी सड़क गायब है. अब सिर फटेगा. मैं नहीं चलाऊँगी. उतरना है तो उतरो."

ते बडबडत उतरले. मी बसून राहिले, कारण अर्धशिशीआधीच्या त्या नागमोडी, चमकत्या रेघा माझ्या चाळीस वर्षांच्या ओळखीच्या. सासूबाई त्याला पित्त म्हणायच्या आणि मी शहाणी अर्धी आंधळी होऊन पंगत वाढायची. एकदा तर डावीकडे बसलेल्या सगळ्या व्याह्यांना जिलेबीच वाढली नाही, वर हसत उभी!

परवा घरी पाहुणे जेवायला बसले आणि रेघा चमकल्या. मी डाव खाली ठेवला.

"अर्धं टेबल गायब आहे. घ्या आपापलं वाढून," म्हटलं आणि खोलीचं दार लावून घेतलं.