सातव्या खाचेत पिन नव्हती

माझे बाबा गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवायचे. त्या खडखडाटात त्यांचे कान कायमचे गेले. साचेखात्यात ओरडून उपयोगच नसायचा. ओठ हलवायचे, हाताने खुणा करायच्या. लालबागच्या आमच्या खोलीतही आम्ही तसंच बोलायचो. त्यामुळे आमची भांडणं शेजाऱ्यांना कधी कळली नाहीत, एवढाच काय तो फायदा.

मग संप झाला. साचे थांबले ते थांबलेच. बाबा खिडकीत बसले. जेवायला बसा म्हटलं की बसायचे, उठा म्हटलं की उठायचे. मी लहान होते, पण खिडकीतला तो माणूस मला आजही नको आहे. पुढे बाबा परळच्या एका गॅरेजात चिकटले आणि पुन्हा माणसात आले. कान नसले तरी तळहात होता. चालू इंजिनावर पंजा ठेवून डोळे मिटायचे आणि नेमकं दुखणं सांगायचे. कालांतराने ते गॅरेज आमचंच झालं. मीही मोटर मेकॅनिकचा कोर्स करून तिथेच उतरले. त्यावर नाकं मुरडणाऱ्यांना मी काय उत्तरं दिली, ती इथे लिहिण्यासारखी नाहीत.

मग कॉम्प्युटरवाल्या गाड्या आल्या आणि आमची गिऱ्हाइकं एकेक करून कंपनीच्या वर्कशॉपकडे वळायला लागली. मी हट्टाने एक स्कॅनर आणला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये तो जोडला की गाडी स्वतःच सांगते काय बिघडलंय. पण सगळ्या गाड्या एकाच भाषेत बोलत नाहीत, आणि आमच्या साध्या स्कॅनरला ती भाषा आधी निवडून द्यावी लागायची.

एका दुपारी नायगावच्या बाई नवी गाडी घेऊन आल्या. शाळेत शिकवायच्या, आमच्या जुन्या गिऱ्हाईक. स्टिअरिंगसमोरच्या काचेमागे इंजिनाचा पिवळा दिवा पेटला होता. "नाही जमलं तर सांग हं, मी कंपनीत नेईन," त्या म्हणाल्या. सहज म्हणाल्या, पण मी लगेच स्कॅनर काढला. हेही गिऱ्हाईक गेलं तर गॅरेज किती दिवस चालणार, आणि बाबा कुठे जाऊन बसणार, ते मला ठाऊक होतं.

स्कॅनर जोडला. काही नाही. गाडी गप्प.

त्यात बाबा. स्कॅनर लावताना चावी फिरवलेली हवी, पण इंजिन बंद हवं. बाबांना ते सोसेना. उभी मशीन म्हणजे संकट, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. मी खाली वाकले की ते गाडी चालू करायचे आणि धावत पुढे जाऊन इंजिनावर पंजा ठेवायचे. स्टार्टर फिरला की स्कॅनर विझायचा, मी पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा मी चावी हिसकावली.

"गो, बंद मशीन काय बोलतली?" बाबा म्हणाले.

माझं डोकं फिरलं. त्यांच्यासमोर उभी राहून, ओठ नीट हलवून मी म्हटलं, "बाबा, हात काढा. हे हाताचं काम नाही."

त्यांनी हात काढला.

मी टॉर्च घेऊन स्टिअरिंगखाली आडवी झाले. सॉकेटला सोळा खाचा. आजवर आमच्याकडे आलेल्या गाड्यांची पिन सातव्या खाचेत असायची, म्हणून मी सवयीने तीच भाषा निवडत होते. या गाडीची सातवी खाच रिकामी होती. सहाव्या आणि चौदाव्या खाचेत मात्र पिना चमकत होत्या. म्हणजे भाषाच वेगळी. ती निवडली आणि गाडी घडाघडा बोलायला लागली. एक सेन्सर गेला होता. तो मागवला, बसवला, दिवा गेला. बाई खूश होऊन गेल्या. मी तर हवेत होते.

"इंजिन उघडायचा नाय?" बाबांनी ओठांनीच विचारलं.

"नाही. इंजिन चांगलं आहे."

त्यांनी मान हलवली.

संध्याकाळी आम्ही घरी आलो. आई नेहमीसारखी मोरीपाशी साबणाच्या पावडरीची वाटी घेऊन उभी होती. गिरणी होती तेव्हा ती बाबांच्या केसांतला कापूस काढायची. गॅरेज लागल्यापासून हातांचं काळं ऑइल घालवायला ही वाटी. बाबांनी सवयीने दोन्ही हात पुढे केले. पावडर घातलेली आईची मूठ मध्येच थांबली. हात स्वच्छ होते.

तिने आवाज न करता मला विचारलं, "काम परत बंद पडला काय?"

"नाही गं, उलट गिऱ्हाईक टिकलं," मी म्हटलं. पण बाबांची आमच्याकडे पाठ होती, त्यांना माझे ओठ दिसले नाहीत. ते खिडकीत जाऊन बसले होते.