मॅकरोनी पेंग्विन, दत्ता आणि ते एक पान

माझा धाकटा भाऊ दत्ता आज सकाळी गेला.

लहानपणी तो माझ्याशी एकदाच खोटं बोलला.
ते खोटं हाय हे मला तवाच म्हाईत हुतं. त्याला कधी सांगितलं न्हाय.

मी हितं काय लिहीत न्हाय. लोकांच्या फोटोला लाईक करते, तेवढंच. आज लिहिते.

सत्तरच्या दशकातलं सोलापूर. अप्पा गिरणीत, आई घरी विड्या वळायची. मी तेरा वर्षांची, दत्ता अकराचा.
मी सातवी पास झाले आणि अप्पा म्हणले, "दोघांचं न्हाय जमायचं. दत्ता शिकंल. ही आईच्या हाताखाली बसंल."

बसले.

विडीचं काम असं, की एकदा मांडीवर सूप घेतलं की उठता येत न्हाय. पानं, तंबाखू, दोरा, कात्री, सगळं त्या सुपात. पाय बधिर हुत्यात. दारातनं माझ्या वर्गातल्या पोरी दप्तर घेऊन जायच्या. मी मान वर करायची न्हाय.

दत्ता शाळेतनं आला की आमच्यापुढं बसून वाचायचा. विड्या वळणाऱ्या बायकांना कुणीतरी वाचून दाखवायचं, ही आमच्या चाळीतली रीतच हुती. हात गुंतलेले, कान मोकळे.

एकदा त्यानं लायब्ररीतनं प्राण्यांचं पुस्तक आणलं. त्यात मॅकरोनी पेंग्विन.

"असलं कसलं रे नाव?" आई म्हणली.
"पक्षी हाय आई. उडत न्हाय, पवतंय. लई लांब, दक्षिणेच्या गार समुद्रात. डोक्यावर पिवळा तुरा, दोन्हीकडं लोंबतोय बघ."
आईनं चित्र बघितलं. "मुंडावळ्या बांधून कुटं निघालंय हे?"

रोज थोडं थोडं वाचायचा. लाखांनी एका बेटावर राहत्यात. नर आधी येतो, मागच्या वर्षीचीच जागा धरून बसतो. शेजाऱ्यानं जरा पाय पुढं टाकला की चोच मारतो.
"आपल्या चाळीतल्या नळावरची भांडणंच की," आई म्हणली.

मग पिसं गळायचं आलं.
वर्षातनं एकदा त्यांची सगळी पिसं गळत्यात. नवीन येईस्तोवर पाण्यात जाता येत न्हाय. पाण्यात न्हाय म्हणजे खायला न्हाय. तीन-चार आठवडे तसंच किनाऱ्यावर उपाशी उभं ऱ्हायचं. समुद्र समोर दिसतोय, पण जाता येत न्हाय.

माझा हात थांबला.

"आक्का, तुझं तसंच हाय," दत्ता म्हणला. "पिसं टाकायलीस. जूनमदी जाशील परत."

तवाच शाळेच्या बाईंचा निरोप आला हुता. शनिवारी घरी येते, पोरीला आठवीत घ्यायचं बघू.
मला जायचं हुतं. लई जायचं हुतं. रातंदिस दुसरं काय डोक्यात न्हवतं.

शुक्रवारी दत्ता नळावर पाणी आणायला गेला. पुस्तक माझ्यापुढंच उघडं पडलं हुतं. हात तंबाखूचे, म्हणून हात न लावता, नुसतं वाकून वाचलं.

मॅकरोनीची मादी दोन अंडी घालते. पहिलं लहान, दुसरं बरंच मोठं. पहिलं बहुतेक वेळा घरट्याबाहेर ढकललं जातं. दोन पिल्लं पोसणं त्यांना जमत न्हाय. वाढतं ते दुसरं.

दत्ता आला. हात पुसले, वाचायला बसला.
"मादी दोन अंडी घालते. पहिलं लहान, दुसरं..."
थांबला.
"काय झालं रे?" आईनं विचारलं.
त्यानं माझ्याकडं बघितलं. मग पुस्तकाकडं बघत भराभरा म्हणला, "दोन्ही अंडी फुटत्यात. दोन्ही पिल्लं मोठी हुत्यात. आईबाप आळीपाळीनं भरवत्यात."
"भरवणारच की," आई म्हणली. "आई हाय ती."

मी दोरा गुंडाळत बसले.

शनिवारी बाई आल्या. अप्पा खाटेवर, आई चुलीपाशी, दत्ता दाराच्या चौकटीला धरून उभा.
अप्पा म्हणले, "बाई, आमचं तुमाला म्हाईत हाय. पोरीलाच विचारा."
"यायचं ना गं शाळेत?" बाईंनी विचारलं.
दत्ता माझ्याकडं बघून मान हलवत हुता. व्हय म्हण, व्हय म्हण.

"न्हाय बाई. मला न्हाय यायचं."

बाईंनी चहा पण घेतला न्हाय.

"भित्री," दत्ता म्हणला. "बाईंपुढं तोंड उघडत न्हाय. मरंस्तोवर बस आता सूप घेऊन."
दोन दिवस बोलला न्हाय माझ्याशी. पेंग्विनचं पुस्तक परत देऊन आला.

तो शिकला. मास्तर झाला. त्याच्या निरोप समारंभात माईकवर म्हणला, "माझी आक्का माझ्यापेक्षा हुशार हुती. पण लाजाळू. लाजंपायी शाळा गेली तिची."
सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. लाजाळू तर मी हायच.

मागच्या आठवड्यात हॉस्पिटलमदी त्यानं हात धरला माझा.
"आक्का, ते पेंग्विन आठवत्यात?"
"आठवत्यात की. मुंडावळ्यावाले."
"त्यांची ती अंडी..."
पुढं बोलवंना त्याला. डोळ्यात पाणी.
मी म्हणले, "दोन्ही पिल्लं मोठी झाली की रे. तूच वाचलं हुतंस."
त्यानं डोळे मिटले. हात सोडला न्हाय.

दत्ता, आता ऐक.
मी ते पान तुझ्या आधी वाचलं हुतं.
मी त्या दिवशी लाजले न्हवते.
आणि मला कुणी ढकललं न्हाय रे. माझी मीच सरकले.

पण बाईंनी अजून एकदा विचारलं असतं, तर मी व्हय म्हणले असते. हे पण खरं हाय.

आजपण त्याच खोलीत बसून लिहायली. मांडीवर सूप न्हाय, तरी उठवंना.

तुझी पिसं आली बाळा. जा पाण्यात.
मी हाय हितंच, किनाऱ्यावर.

तुझी आक्का