डेअरीतला दुपारचा लाल दिवा

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि तसा आजही नाही. केजला माझं कॅमेरे आणि चोर-अलार्म बसवायचं दुकान आहे. आजवर लोकांनी मला दाखवलेलं प्रत्येक भूत शेवटी पाल, उंदीर नाहीतर लूज कनेक्शन निघालं. त्यामुळे हे वाचून कुणी हसलं तर माझी हरकत नाही... मीही हसलो असतो.

आमचं गाव युसूफ वडगावच्या अलीकडे, आडरस्त्याला. गावच्या सहकारी दूध संस्थेचा सचिव माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा. संस्था कसली, पत्र्याची एक लांबट खोली. पुढं एक दार, मागं एक दार, मध्ये दूध थंड करायचा स्टीलचा कूलर आणि त्याच्यासमोर बाकडं. दोन्हींच्या मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. दादा कागदपत्रं बघायचा आणि बाकी सगळं वहिनी – दूध मोजणं, फॅट तपासणं, कॅन धुणं. लाइट गेली की कूलर बंद पडायचा. मग वहिनी मागच्या हौदात गोणपाटाची पोती भिजवून आणायची आणि टेम्पो येईपर्यंत दुधाच्या कॅनवर टाकायची. पोतं वाळलं की पुन्हा हौद. भर उन्हात तिच्या चकरा चालू, आणि आमचे बंधुराज बाकड्यावर पाय पसरून पेंगत! "पाय घ्या," ती म्हणायची. हा डोळे न उघडता पाय आखडून घ्यायचा. जाता जाता ती ओला हात त्याच्या तोंडावर झटकायची.

एका हिवाळ्यात वहिनी गेली. कावीळ अंगावर काढली, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. मी आयटीआयला असताना माझा डबा तीच भरायची. त्यावर जास्त लिहीत नाही.

पुढचा उन्हाळा दुष्काळाचा. हौद कोरडा, गावाला टँकर, जनावरं सगळी चारा छावणीत. दूधच नाही तर संस्थेत काम काय? तरी दादा रोज कुलूप काढून बाकड्यावर जाऊन बसायचा. घरी करमत नाही म्हणायचा.

त्याच दिवसांत आसपासच्या गावांत बंद कूलरच्या तांब्याच्या नळ्या चोरीला जायला लागल्या. म्हणून संस्थेच्या चेअरमननी माझ्याकडून अलार्म बसवून घेतला. दोन सेन्सर – एक मागच्या दाराजवळ, एक कूलरच्या वर. थोड्याच दिवसांत दादाचा फोन.

"दत्त्या, भोंगा वाजायलाय. मी दुपारी भाकर खायाला घरी गेलो की वाजतो. कुलूप जागच्या जागी, आत कुणी न्हाई."

पाठोपाठ चेअरमनचा. लोक हसायलेत, जमत नसंल तर काढून ने म्हणाले.

आता हा सेन्सर काय असतो ते थोडक्यात सांगतो. तो कॅमेरा नाही, त्याला चित्र दिसत नाही. त्याला फक्त उष्णता कळते. आत शेजारी शेजारी दोन डोळे असतात. गार भिंतीसमोरून गरम माणूस गेला की आधी एका डोळ्याला फरक कळतो, मग दुसऱ्याला – आणि लाल दिवा लागतो. पण त्याला फसवणंही सोपं. खिडकीतून ऊन आत आलं, गरम झुळूक आली, भिंगावर पाल बसली, तरी त्याला वाटतं माणूसच आला.

म्हणून मी मुद्दाम दुपारीच गेलो. खिडकीला पुठ्ठा लावला, दाराखालची फट बुजवली, भिंगं पुसली, वायरी तपासल्या. भोंगा बंद करून फक्त दिवे चालू ठेवले आणि सेन्सरसमोरून चाललो. दिवा लागेना. हात हलवले, उड्या मारल्या... छे.

"नाचायलास कामून रं?" दादा म्हणाला. वहिनी गेल्यापासून पहिल्यांदाच तो हसताना दिसला.

"पत्रा तापलाय दादा. भिंत माझ्या अंगाएवढीच गरम झाली. फरकच न्हाई, तर ह्याला दिसंल काय? ह्या उन्हात ह्यो आंधळा हाय."

बोलता बोलता मीच थांबलो. आंधळा आहे, तर मग रोज दुपारी भोंगा कुणाला बघून वाजतो?

काही सुचेना म्हणून बाकड्याच्या टोकाला टेकलो. दादा नेहमीसारखा पाय पसरून, डोळे मिटून बसला होता. बाहेर पाखरूसुद्धा हलत नव्हतं.

मागच्या दाराजवळचा दिवा लागला.

दार बंद होतं. दिवा विझला... आणि दादानं डोळे न उघडताच पाय आखडून घेतले. मग कूलरच्या वरचा दिवा लागला.

मी ताडकन उठलो. पण धंदा हाच, डोकं आपोआप चालायला लागलं. आमच्याएवढं गरम या सेन्सरला दिसत नव्हतं. मग दिसलं ते एकतर आमच्यापेक्षा गरम, नाहीतर गार. मी बाटलीतलं उरलंसुरलं पाणी गमछ्यावर ओतलं, तो पसरून हातात धरला आणि मागच्या दारापासून कूलरपर्यंत चाललो. दोन्ही दिवे लागले. एकामागून एक, अगदी तसेच.

"वलं हाय कायतरी," मी म्हणालो. "गार, वलं."

दादा गमछ्याकडं बघत राहिला. "पोतं," तो म्हणाला. आणि लहान पोरासारखा रडला.

मी फरशी हातानं चाचपली. खडखडीत कोरडी. हौदात तर धूळ होती.

"पानी हाय कुठं दादा गावात?"

"हौद आटलाय हे तिला कुणी सांगितलं न्हाई ना," तो म्हणाला. "पोती वाळलेली दिसली आसतील, म्हणून येती."

मी दुसऱ्या प्रकारचा सेन्सर बसवतो म्हणालो, तर त्यानं माझा हात धरला. "लई उपकार व्हतील. ऱ्हाऊ दे ह्योच." मी दुपारी भोंगा वाजणार नाही अशी जोडणी केली आणि दोष सापडला म्हणून चेअरमनला सांगितलं. तो सगळा उन्हाळा दिवे लागत होते. दादाच्या फोनवरच्या आवाजावरून मला कळायचं.

पुढं पाऊस चांगला झाला. जनावरं आली, दूध आलं. गाव खुशीत, आणि दादा पुढच्या उन्हाळ्याची वाट बघत बसलेला. आमच्या जिल्ह्यात उन्हाळ्याची वाट बघणारा दुसरा माणूस मला तरी माहीत नाही.

उन्हाळा आला. पत्रा तसाच तापला. एका दुपारी मी गेलो. सकाळचं दूध टेम्पोनं गेलेलं, कॅन रिकामे. मागं हौद काठोकाठ भरलेला. दाराजवळ खिळ्याला वहिनीचं पोतं टांगलं होतं. हात लावला – कोरडं. हौद हाताच्या अंतरावर, आणि पोतं पापडासारखं वाळलेलं.

"भिजवत न्हाईस व्हय?"

"मी भिजवलं तर ती कशाला येईल?" दादा म्हणाला.

"लागला का दिवा? एकदा तरी?"

त्यानं मान हलवली. नाही.

सेन्सर मी नंतर उघडून पाहिले, कंपनीच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला व्होल्टेज असेल, दमट हवा असेल. मीही गिऱ्हाइकाला हेच सांगतो. दुष्काळातल्या उन्हाळ्यात, बीड जिल्ह्यात, दमट हवा! माझ्याकडं आजही उत्तर नाही. शोधणंही मी सोडून दिलंय, कारण खरं सांगू का, मलाही ती यायला हवी होती.

त्या दुपारी आम्ही दोघं बाकड्यावर बसून राहिलो, त्या दोन काळ्या दिव्यांकडं बघत. दादानं पाय आधीच आखडून घेतले होते. थोड्या वेळानं मीही घेतले.